बाईच्या वाट्याचं चालणं

परवा आमच्या गल्लीतल्या एका सुनेला डॉक्टरांनी साखर सांगितली आणि ती तोंडाला पदर लावून माझ्याकडे आली. चहा घेतला नाही, बिस्किटाकडे पाहिलं नाही, नुसती रडत बसली. मी म्हटलं, "रडून घे. पण चालत चालत रड, बसून नको." तेव्हा कुठे हसली. मग तिला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवते आहे. गोळ्या कोणत्या आणि किती, हे मला विचारू नका. ते डॉक्टरांचं काम. मी जाडी होते, भित्री होते आणि चालण्याचा मला मनापासून कंटाळा होता. तरी पाय वाचला. तो कसा, एवढंच मला सांगता येतं.

मुंग्या

आणीबाणीचे दिवस होते. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता. कागद असो की आजार, सगळं अकोल्याला न्यावं लागे. मी शेलूबाजारात प्राथमिक शाळेवर शिक्षिका. आमचे हे जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनवर पॉइंट्समन, आठवड्याच्या सुटीला घरी येत. एकुलता मुलगा नागपूरला वसतिगृहात. घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आमचं घर बौद्धांच्या मोहल्ल्यात, विहाराच्या मागच्या अंगाला.

मी किती जाडी होते? वर्गात फळ्यावर लिहायला वळले की मागची पोरं ओरडायची, "बाई, फळा दिसत नाई!" पण त्या काळात याला कोणी दोष म्हणत नसे. दुष्काळ सरून थोडीच वर्षं झाली होती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरवलेल्या लोकांना माझं अंग म्हणजे सुबत्तेचा पुरावा वाटे. आत्याबाई तर पाहुण्यांसमोर मला मुद्दाम पाणी घेऊन बोलवायच्या. "आमची सून. नोकरीवाली हाय. पाह्य, कसं आंग धरलं!"

मग न्हाणीत मुंग्या लागल्या.

मला तहान फार लागायची आणि वारंवार उठावं लागायचं, याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. आत्याबाईंनी मात्र मुंग्यांकडे दिलं. राख टाकली, हळद टाकली, रॉकेल शिंपडलं. मुंग्या हटेनात. शेवटी एका सकाळी त्यांनी मला चुलीपाशी गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वं सुमन, खरं सांग. तू न्हाणीत बसून गूळ खाते काय वं?"

"आत्याबाई, न्हाणीत कायले खाऊ? सैपाकघरात खातो की तुमच्यासमोर."

"मंग मुंग्यायले काय सपन पडलं?"

त्याच सुमारास नव्या चपलेनं टाचेला फोड आला होता. फुटला, पण भरेना. महिना गेला तरी ओलाच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमच्याकडे न्हाणीत मुंग्या होतात का?"

मला वाटलं हा माणूस डॉक्टर नसून जोतिषी आहे. "तुमाले कसं कळलं?"

लघवीतून साखर जायला लागली की मुंग्या येतात, असं म्हणून त्यांनी अकोल्याची चिठ्ठी लिहिली.

वॉर्डातले रंग

ह्यांच्या रेल्वे पासावर जऊळक्याहून गाडीत बसलो आणि अकोल्याला भरती झाले. मी आयुष्यात कधी दवाखान्यात झोपले नव्हते. मुलगाही घरीच झाला होता. पहिल्या दिवशी मी साडीसकट, चपलांसकट खाटेवर बसून राहिले, म्हणजे कोणी म्हणालंच "जा घरी" तर उशीर नको.

तिथं सकाळ उजाडायची ती लघवीच्या बाटल्यांनी. निळं औषध घातलेल्या नळीत थेंब टाकून ती दिव्यावर उकळवायची. निळी राहिली तर तुम्ही शहाणे. हिरवी झाली तर संशय. पिवळी म्हणजे वाईट आणि विटकरी म्हणजे विचारूच नका. सगळ्या बायका खाटेवर माना उंच करून वाट बघायच्या.

"तुही कोन्ती आली वं?"

"पिवळी."

"माही त हिरवी झाली बाई!" असं सांगताना त्या बाईचा चेहरा पोरगं पास झाल्यासारखा फुललेला.

माझी विटकरी. रोज विटकरी. शाळेत मी पोरांना नापास करत असे, त्याचा सगळा हिशेब त्या नळीनं चुकता केला.

शेजारच्या खाटेवर कामरगावची एक म्हातारी होती. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली होती. दिवसभर ती सगळ्यांना हसवायची. मला पाय दाखवून म्हणाली, "जोडवं घालाची बोटंच नेली वं माय. आता बुढ्याले सांगतो, नाकात घालून दे."

वॉर्ड हसला. मीही हसले. दुपारी तिची मलमपट्टी बदलताना पडदा ओढला, आणि त्या पडद्यामागून जो आवाज आला तो हसवणाऱ्या म्हातारीचा नव्हता. मी माझ्या टाचेवर दोन्ही हात ठेवून बसले. कोणी चोरून नेईल असे.

तिथल्या डॉक्टरीणबाई काटकुळ्या आणि कडक होत्या. घरी सोडताना त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "जखम भरत आली आहे. गोळ्या घ्याल, ते मला माहीत आहे. पण खाणं अर्ध्यावर आणा आणि रोज भरभर चाला. वजन उतरलं पाहिजे. पुढच्या वेळी जखम झाली आणि अशीच साखर असली, तर मी पायाचं काही वचन देणार नाही."

"कोणत्या पायाचं?" मी विचारलं.

त्या पहिल्यांदा हसल्या. "दोन्ही सांभाळा."

साखर आली

घरी आले. ओट्यावर शेजारीण बसली होती. आत्याबाईंनी डोळे पुसत तिला सांगितलं, "काय सांगू माय, सुमनले साखर हाय."

तेव्हा साखर रेशनवर मिळायची, तीही कधीमधीच. शेजारणीनं वाक्य ऐकलं आणि ती उठून गेली. मला वाटलं, बिचारीला ऐकवलं नाही. दिवेलागणीपर्यंत आमच्या दारात वाट्या घेतलेल्या बायकांची रांग लागली. कोणाच्या हाती पेला, कोणाच्या हाती लोटी.

"बाई, वाटीभर द्या. नातवाचं बारसं हाय."

"अकोल्याहून आनली मंतात. पोतं हाय काय?"

मी पाय वर घेऊन बाजेवर बसलेली. आत्याबाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "अवं तशी साखर नोहे! आंगात हाय! आंगात!"

"मंग काढून द्या की," मागून कोणीतरी म्हणालं.

त्या दिवशी मी महिन्याभरात पहिल्यांदा पोट धरून हसले. पण रांग पांगल्यावर अंधारून आलेल्या घरात मला कळलं की माझ्या आजाराचं नाव गावाला कळलंय, आजार कोणालाच कळलेला नाही. आत्याबाईंनाही नाही. त्यांनी त्या संध्याकाळी माझ्या अशक्तपणावर उतारा म्हणून शिरा केला होता.

एकटीनं चालायचं म्हणजे

टाच पूर्ण भरल्यावर मी चालायला लागले. पहाटे उठून मंगरूळच्या रस्त्यानं नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. सोपं वाटतं ना?

आमच्याकडे बाईमाणूस रिकाम्या हातानं भरभर चालतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी झालंय. पहिल्या दिवशी बैलगाडीवाला थांबला. "बाई, कोन गेलं? बसा, सोडून देतो." नको म्हटलं तर त्याला वाटलं मी दुःखानं भ्रमिष्ट झाले आहे, तो माझ्या मागेमागे गाडी हाकत आला. दुसऱ्या दिवशी जीपवाला. तो माझा जुना विद्यार्थी. त्यानं विचारलंच नाही. हात धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि थेट मंगरूळपीरच्या स्टँडवर नेऊन उतरवलं. "बाई, तुमच्याकून भाडं नाई घेत." मी तिथून बसनं परत आले. शाळेला उशीर झाला आणि चालणं झालं पाऊण फर्लांग.

पण खरी गंमत निराळीच. त्या वर्षी आम्हा शिक्षकांवर गावोगाव फिरून पुरुषांना नसबंदीला राजी करायचं काम टाकलेलं होतं. मला ते जमत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. पण लोकांना काय ठाऊक? पहाटेची वेळ. रस्त्याच्या कडेला गावातले पुरुष टमरेल घेऊन बसलेले. तांबूस उजेडात समोरून मास्तरीणबाई झपाझप येताना दिसतात.

"आली रे! आपरेशनवाली आली!"

जो तो उठला आणि धोतर सावरत तुरीत शिरला. एक जण टमरेल तिथंच टाकून पळाला. दुसऱ्या दिवशी मी रस्ता बदलला, तर त्या रस्त्याचे पळाले. चार-दोन दिवसांत सरपंच घरी आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी कायपन करा, पन पाहाटे नका फिरू. गावाचं पोट साफ होऊन नाई राह्यलं."

मी चालणं सोडलं. मनातून सुटल्यासारखंही वाटलं, कारण चालायचा कंटाळा होताच. गोळ्या घेत होते, भाकर अर्धी खात होते आणि उरलेली अर्धी सैपाकघर आवरताना खात होते.

लाज अर्धी होते

बसस्टँडजवळ शांताबाईच्या नवऱ्याचं हॉटेल होतं. शांताबाई दिवसभर कढईसमोर बसून भजे तळायची. अंगानं माझ्याएवढीच, जरा जास्तच. एका सकाळी आमच्या दारात तिची हाक आली, "बाई! वं बाई! मेल्या काय?"

मी बाहेर आले. सोबत खैरूनबी होती, बांगड्यांचं टोपलं घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरणारी. काटकीसारखी वाळकी आणि जिभेनं त्याहून टोकदार. शांताबाईला पाहून मी गोंधळले. लग्न होऊन ती पंधराएक वर्षं या गावात नांदत होती, पण आमच्या मोहल्ल्यात तिचं पाऊल मी कधी पाहिलं नव्हतं. त्या बाजूच्या बायका येत नसत. आम्हीही बोलवत नसू.

"रोज हाटेलावरून दिसत होत्या तुमी," शांताबाई म्हणाली. "मले वाटे, ही बाई चालून राह्यली त आपूनबी चालावं. माह्ये गुडघे पाय टाकला की वाजतात. डाक्टर मंते वजन उतरवा. पन एकटीले लाज वाटते ना. दोघी असलो त लाज अर्धी होते."

"अन् ते मानसं पळतात त्याचं काय?"

खैरूनबीनं टोपलं डोक्यावर सारखं केलं. "वो मेरे पे छोडो. मैं रोज पहाटे वाडी को जातीच. मेरे टोकरे को देख के आज तक कोई मरद नहीं भागा. बायकांच घर से निकलते."

आणि तसंच झालं. पुढं खैरूनबी, मागं आम्ही दोघी. तुरीत कोणी हललं की खैरूनबी खणखणीत ओरडायची, "बैठो भाई, बैठो! बांगड़ीवाली है! बाई मोटापा उतारने को निकली, तुम्हारा कुछ नहीं उतारती!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण तुरीतून हसण्याचा आवाज आला, आणि त्या दिवसानंतर कोणी पळालं नाही.

वाडीत मात्र नवीन संकट. बांगडीवालीसोबत शाळेच्या बाई आल्या म्हणून घरोघरी गुळाचा चहा. नाही म्हणता येईना. मग खैरूनबीनं तिथंही जाहीर केलं की बाईला चिनीची बीमारी आहे. चहा थांबला आणि औषधं सुरू झाली. कोणी कारल्याचा रस आणला, कोणी जांभळाच्या बियांची पूड, एका आजीनं कडुलिंबाचा पाला स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात कोंबला. "थुकू नोको. गिळ. मी पाहून राह्यलो."

हळूहळू वाडीतल्या दोघी-तिघी नाल्यापर्यंत आम्हाला पोचवायला येऊ लागल्या. मोहल्ल्यातल्या काही जणी निघाल्या. शेतावर दिवसभर राबणाऱ्या बायकांना चालायची काय गरज होती? मी एकीला विचारलंही. ती म्हणाली, "कामाले त रोजच चालतो बाई. बिनकामाचं चालून पाह्यचं होतं. चांगलं वाटते."

नियम एकच होता आणि तो कोणी ठरवला नव्हता. जी येणार नाही तिच्या दारात सगळ्यांनी उभं राहून हाका मारायच्या, शेजारपाजार जागा होईपर्यंत. पावसाळी सकाळी गोधडीत पडल्या-पडल्या मी कितीदा ठरवलं असेल की आज नाही जायचं. मनाचा निश्चय वगैरे मला कधी जमला नाही. पण दारात सहा बायका "बाई, उठा!" म्हणून ओरडत असल्या की माणूस उठतं. अब्रूसाठी उठतं.

घट

वजन करायचं कुठं? दवाखान्यातला काटा मोडलेला. धान्य मोजणारा तुळशीराम मापारी म्हणाला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आडतीवर या, गर्दी नसते. तिथं धान्याची पोती तोलायचा मोठा काटा होता.

तुळशीरामला दुसऱ्या कशाची सवय नव्हती, म्हणून तो आम्हाला पोत्यांसारखंच तोलायचा. पहिलं माप 'एक' म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं, ही मापाऱ्यांची रीत. मी काट्यावर चढले की तो आडतभर ऐकू जाईल असं गायचा, "बरकत होऽ बरकत!" मग मान तिरकी करून काटा पाही. "लुगड्याचं बारदान वजा धरतो बाई. चपला काढा. मालात खोट नोको."

शांताबाई चढली तेव्हा त्यानं खालून लाकडी ठोकळा घालून काटा तपासला. "तुमी त तुरीचा भरला कट्टा हाव."

"अन् तू फाटकं पोतं," शांताबाई म्हणाली. "तोल मुकाट्यानं."

पहिले काही आठवडे काटा ढिम्म. मग एका खेपेला तुळशीरामनं माझं माप दोनदा पाहिलं आणि ओरडला, "घट आली! बाईच्या मालात घट आली!"

आडतीवर घट आली, म्हणजे मालाचं वजन कमी भरलं, की भांडण ठरलेलं. व्यापारी धावत बाहेर आला. पाहतो तर सहा-सात बायका टाळ्या पिटतायत आणि मास्तरीणबाई काट्यावर उभ्या राहून पदरानं डोळे पुसतायत. खैरूनबीला आग्रहानं चढवलं, तर तिचं वजन वाढलेलं निघालं. वाडीतला माझ्या वाट्याचा गुळाचा चहा तीच पीत होती.

घरातलं

बाहेर हे चाललेलं, आणि घरात अबोला.

आत्याबाईंना माझं वाळणं सहन होईना. सणाला त्यांनी पुरणाचे मांडे केले. मी एक चतकोर घेतला आणि ताट सारलं. उरलेला मांडा उचलून त्यांनी गाईला घातला. त्यात माझे हे सुटीला आले, मला पाहून म्हणाले, "काय वं, आई खायाले देत नाई काय तुले?" थट्टाच होती. पण आत्याबाई ताडकन उठल्या.

"आता हेच आयकाचं राह्यलं होतं! गाव मनते सासू उपाशी ठेवते. पोरगाबी मनते. दुस्काळात माह्या तोंडचं काढून तुमाले घातलं मी. अन् हे घरात धान्य असून उपाशी मरून राह्यली. कायले? तर त्या भजेवालीसोबत फिराले!"

त्यांचं खरं होतं. दुष्काळात त्या दिवसदिवस "मले भूक नाई" म्हणत असत. ज्या बाईनं आपली भूक लपवून घर जगवलं, तिला खाणं नाकारणारी सून कशी कळावी? मी त्यांना कितीदा आजार समजावला. त्या म्हणायच्या, "साखर वाढली मनते, अन् साखर कुठी दिसत नाई."

बाभळीचा काटा

पावसाळ्याच्या शेवटी शाळेच्या वाटेवर बाभळीचा काटा चपलेतून आरपार माझ्या तळव्यात गेला. काढला, पण तिसऱ्या दिवशी पाय सुजला आणि जागा पिकली.

मला कामरगावच्या म्हातारीचा पडद्यामागचा आवाज आठवायला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, इंजेक्शनं सुरू केली आणि पाय जमिनीला लावायचा नाही असं सांगितलं. रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून, लाली वाढते का पाहायचं. वाढली तर अकोला.

ह्यांना रजा मिळेना. मला वाकून तळवा दिसेना. पोट उतरलं होतं, पण इतकंही नाही. मी बाजेवर बसून आरशात पाय बघायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात आत्याबाई पाण्याचं घमेलं घेऊन आल्या आणि समोर जमिनीवर बसल्या.

"दे पाय."

"आत्याबाई, नाई! तुमी माह्या पायाले हात नका लावू."

"काहून? सडला त कापतीन. मंग मले तुले उचलून न्या लागंन. तू केवढी हाय, मी केवढी हाय! दे."

सासूनं सुनेचे पाय धुवायचे, हे आमच्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. मी तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी पाय मांडीवर घेतला, बोटांच्या सांदी पुसल्या आणि कंदील जवळ ओढून तळव्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अवं... हे हाय होय ते साखरेचं. आतून पोखरते."

"हाव."

त्या दिवसापासून घरात शिरा झाला नाही.

सकाळी बाहेर गलका झाला. आत्याबाई दार उघडायला गेल्या. सगळ्या जणी चालून परत आल्या होत्या, घामानं ओल्या. शांताबाई पुढं आली.

"बाई, आज नाल्याच्या पलीकडं गेलो. तुमच्या वाट्याचं आमी चालून आलो."

"माह्या वाट्याचं तुमी चालून माही साखर कशी उतरंन?" मी आतून विचारलं. शेवटी मी शिक्षिका.

खैरूनबीला या प्रश्नाचा राग आला. "किसी के नाम से दुआ मांगते ना? फिर किसी के नाम से चलने को क्या हुआ?"

मी दुखरा पाय सरकवून बाजेवर जागा केली.

आत्याबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. सगळ्यांच्या सोबत शांताबाईही उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या बाजेच्या कडेला बसली. आत्याबाईंनी चहा केला. कप तिच्यापुढं धरला आणि तिथंच थांबल्या. मोहल्ल्यातल्या दोघी पदराशी चाळा करत खाली पाहू लागल्या. शांताबाईनं कप घेतला, एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"आजी! याच्यात साखर नाई!"

"नाई," आत्याबाई म्हणाल्या. "सुमन पीत नाई तर या घरात आता कोनीच पीत नाई."

शांताबाईनं पुन्हा तोंड वाकडं केलं आणि कप तळापर्यंत प्यायली. मग म्हणाली, "उद्या आलं टाका जरा." म्हणजे ती उद्याही येणार होती.

ती रोज आली. सगळ्या रोज आल्या, माझ्या वाट्याचं चालून, आणि बाजेभोवती बसून कोण मागं राहिलं, कोणाची चप्पल तुटली, कोणाच्या मागं कुत्रं लागलं हे सांगून जायच्या. आत्याबाई रोज संध्याकाळी पाय पाहायच्या. लाली वाढली नाही. मग ओसरली. मागच्या वेळी महिनामहिना ओली राहणारी जखम या वेळी दिवाळीच्या आधी कोरडी झाली.

अकोल्याला डॉक्टरीणबाईंनी तळवा दाबून पाहिला. "या वेळी पाय गेला असता," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा आलात तेव्हाची साखर असती तर. तुम्ही केलंत तरी काय?"

"मी काई नाई केलं," मी म्हटलं. त्यांना वाटलं नम्रपणानं बोलते आहे.

पुन्हा रस्त्यावर

परत चालायला निघाले ती सकाळ थंडीची होती. आत्याबाईंनी माझ्या पायांत ह्यांनी जऊळक्याहून आणलेले कॅनव्हासचे बूट घातले आणि नाड्या स्वतः बांधल्या, लुगड्याला मारतात तशी पक्की गाठ. साडीखाली बूट पाहून मोहल्ल्यातली पोरं हसली. मी हसू दिलं.

सगळ्या स्टँडजवळ थांबल्या होत्या. निघालो. आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की मी मागं पडते आहे. इतके दिवस माझ्या वाट्याचं चालून-चालून या बायकांच्या पायांना वेग आला होता. शांताबाई, जिचे गुडघे वाजायचे, ती सगळ्यांत पुढं, पदर खोचून, हात झुलवत.

"अवं, थांबा ना! मी आजारी होतो!"

"होत्या!" शांताबाई मागं न बघता ओरडली. "आता उचला पाय!"

कोणी थांबलं नाही. माझं बाजेवरचं कौतुक संपलं होतं. राग आला मला, खरंच सांगते. ज्यांना मी पाटी धरायला शिकवलं त्यांच्या आया मला मागं टाकून चालल्या होत्या. मी साडी घोट्याच्या वर धरली आणि पळायला लागले. चौथीत असताना शेवटची पळाले असेन. छाती धडधडत होती, बूट रस्त्यावर थपथप वाजत होते, आणि दुखत काहीच नव्हतं. दोन्ही पाय माझेच होते आणि दोन्ही चालत होते.

नाल्याच्या पुलावर मी त्यांना गाठलं आणि शांताबाईला मागे टाकून पुढं गेले. मागून सगळ्या ओरडत होत्या, खैरूनबीच्या टोपल्यातल्या बांगड्या खळखळत होत्या, आणि मी वळून पाहिलं नाही, कारण वळले असते तर त्यांनी मला गाठलं असतं.